दुसऱ्या मजल्यावरचे दोन सतरा

गुरुवार, १६ एप्रिल. सकाळचे साडेसात. शहागड, गोदावरीचा घाट. तुमचा दहावा.

हजर: कमलवहिनी. तुमची मुलगी आणि जावई. हसनाबादहून थोरले भाऊ आणि त्यांच्या जीपमधून आलेले भावकीतले नऊ जण. बदनापूर स्टेशनवर रोज सकाळी तुमच्याबरोबर गाडीची वाट बघणारे चौघे. त्यांची नावं मला माहीत नव्हती, ती विचारून घेतली. जालन्याच्या ज्या दवाखान्यात आपण एसी बसवले, तिथले इलेक्ट्रिशियन रफिकभाई. आपल्या ऑफिसातून मी.

घाटावर उभं राहून कोण आलं ते लिहून काढणं बरं दिसत नाही, हे मला समजतं, विष्णूभाऊ. पण हात रिकामे राहिले की मला धड उभं राहता येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "ताई, इथं तरी ती वही ठेवा न पर्समधी." मी म्हटलं असतं, "ठेवते, आधी नावं सांगा." आणि तुम्ही सांगितली असती, चार बरोबर, दोन चुकीची, आणि एक अशा माणसाचं जो आलाच नव्हता.

विधी चालू असताना वहिनींनी मला पाण्यापासून जरा लांब नेलं. डोळे कोरडे होते त्यांचे. मला वाटलं, जेवणाच्या पानांचं काही विचारतील.

"ताई, खरं सांगा. ह्यांच्या हातून दवाखान्यात काही चुकल्तं का?"

"कोण म्हणालं?"

"जावयाला गाडीत कुणी तरी बोललं. म्हने वायर चुकीची जोडल्ती, तशी कागदावर सही बी दिल्ती. त्या दिशी घरी आले तं नुसते ओट्यावर बसून राह्यले. जेवा म्हनलं तं म्हने भूक न्हाई. इतक्या वर्षांत ह्या मानसानं जेवायला कधी न्हाई म्हनलं न्हाई, ताई. आन् सकाळी हे असं."

मी म्हटलं, "वहिनी, नंतर बोलू." तो कागद मी लिहिला होता. सही तुमची, मजकूर माझा.

सोमवार, ६ एप्रिलचं एकदा क्रमानं मांडते. पंधरा दिवस ते डोक्यात उलटसुलट फिरतंय, आणि क्रम लागल्याशिवाय मला काहीच पुढे ढकलता येत नाही.

सकाळी पावणेअकराला पारसजींचा फोन. दवाखान्याचे व्यवस्थापक, फार सभ्य माणूस. पण एसी बंद पडला की त्यांचा आवाज बारीक होतो, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. "ताई, फिर वही. पूरा दुसरा मजला. डायलिसिसला सात पेशंट लावलेत. चार-चार तास हलता येत नाही त्यांना. मी काय पंखा घेऊन उभा राहू?"

मार्चपासून हेच चाललं होतं. एखाद्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मजल्यावरची सगळी मशीनं एकदम थांबायची, प्रत्येक रिमोटवर तोच कोड लुकलुकायचा: संपर्क तुटला. आपण जाऊन मल्टिमीटर लावून शोधत बसायचो आणि दुपारी एक-दीडला सगळं आपोआप सुरू व्हायचं. मी वहीत प्रत्येक वेळ लिहिली होती. तारखा लिहिल्या होत्या. कोणता वार ते लिहिलं नव्हतं. हे मला नंतर कळलं.

संपर्क म्हणजे काय, हे पारसजींना तुम्ही पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. इतकं चांगलं मी कुणाला आजवर सांगू शकलेली नाही. "साहेब, गच्चीवर एक मास्तर बसलाय. मोठं मशीन. खाली खोल्याखोल्यांत चोवीस पोरं. गॅस तांब्याच्या नळीतून जातो, ते येगळं. पण बोलणं होतं ह्या दोन बारीक तारांवरून. मास्तर दर दोन-चार सेकंदाला हजेरी घेतो. एक नंबर? हजर. दोन नंबर? हजर. एखाद्यानं हजर म्हनलं न्हाई का मास्तर घाबरतो. म्हंतो, वर्ग बंद!" पारसजी हसले. म्हणाले, "आणि एकाच नंबरला दोघं हजर म्हणाले तर?" तुम्ही म्हणालात, "तसं व्हत न्हाई साहेब. यादी ताईची असती."

हे वाक्य मी आज तुमच्या आवाजात ऐकते आहे आणि जागची उठून दोनदा गॅलरीत जाऊन आले आहे.

तर ६ एप्रिल. माझा संशय जोडावर होता. ही दोन तारांची वायर एका मशीनपासून दुसऱ्याकडे अखंड न्यायची, मध्ये कुठं तोडून जोडायची नाही, हा माझा नियम. कामाच्या यादीत पहिल्या पानावर, अधोरेखित: जोड नको. त्या दिवशी शिडी लावायच्या आधी मी तुम्हाला सहज विचारलं, कुठं जोड तर नाही ना? तुम्ही एक क्षण थांबलात.

"हाय एक. डायलिसिसच्या दारावर. केबल चार हात कमी पडल्ती."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमाला सांगितलं असतं तं अख्खी केबल काढायला लावली असती."

"लावलीच असती!"

"तेच म्हंतो मी. बराबर केलाय जोड, ताई. त्याच्यानं न्हाई होत हे."

"कशावरून? लिहिलंय कुठं?"

"डोक्यात हाय."

पारसजी तिथं होते. रफिकभाई होते. दोन नर्स होत्या. आणि मी म्हणाले, "अठरा वर्षं तुमचं हे 'डोक्यात हाय' ऐकतेय, भाऊ. आज सात माणसं घामानं भिजून पडलीत तुमच्या त्या डोक्यापायी."

तुम्ही शिडी उघडत होतात ती पुन्हा मिटवलीत आणि भिंतीला लावून ठेवलीत.

मी खाली काउंटरवर जाऊन अहवाल लिहिला. नेहमीसारखाच स्वच्छ: दोष, कारण, जबाबदारी, उपाय. कारण: वायरच्या मार्गात तंत्रज्ञाने विनापरवानगी केलेला जोड. वर आले तेव्हा मजला सुरू झालेला होता. तुम्ही जोड हलवला असणार, असं मी समजले आणि मला ते पुराव्यासारखं वाटलं. तुम्ही कागद वाचलात. सावकाश, बोट ठेवून, नेहमीसारखा. सही केलीत. जिन्यात म्हणालात, "ताई, उद्या सकाळी येतो. एक गंमत दाखवायचीय तुमाला."

"गंमत नको, जोड काढायचाय. उद्या नऊला. लिहून ठेवते."

लिहून ठेवलं होतं. मंगळवार, नऊ. सव्वासहाला तुमच्या जावयाचा फोन आला: पहाटे छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात.

आपलं भांडण मुळात जुनंच होतं, हे मी स्वतःला सांगून पाहिलं. साडीच्या त्या मोठ्या दुकानापासूनचं. दिवसातून दहा वेळा संपर्क तुटायचा. माझी चौदा मुद्द्यांची तपासणी यादी तेव्हा नवी होती. मी पहिल्यापासून सुरू केलं: प्रत्येक मशीनला वीज आहे का, तारांची टोकं घट्ट आहेत का, वायरवरच्या जाळीला अर्थिंग एकाच टोकाला आहे का. तुम्ही चहा मागवलात आणि गादीवर, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या माणसांत जाऊन बसलात. पाऊण तास. मला इतका राग आला होता! एका आजीबाईंना तुम्ही शालू निवडायला मदत करून राह्यला होतात. मग तिथूनच हाक मारलीत, "ताई, लिफ्ट वर गेली का हे बंद पडतं. बघा आता, गेली... गेलं!" लिफ्टच्या जाड केबलीला बांधूनच कुणी तरी आपली बारीक वायर वर नेलेली होती. लिफ्टची मोटर धावली की ह्या बिचाऱ्या तारांवर गोंगाट.

"तुमच्या यादीत कितव्या नंबरला होतं हे?" तुम्ही विचारलंत.

"अकराव्या. तासाभरात पोचलेच असते."

"आजीबाई तवर निघून गेली असती न."

मी म्हणायचे, दरवेळी आजीबाई आणि लिफ्ट तुमच्या नशिबात असणार नाही; यादी कोणालाही चालवता येते. तुम्ही म्हणायचात, यादीत लिव्हलेलंच दिसतं मंग मानसाला. हे भांडण आपण शिडीच्या वर-खाली उभं राहून इतक्या वेळा केलं की ग्राहकांनाही पाठ झालं होतं. मी तुम्हाला जोड लिहून ठेवायला एक डायरी आणून दिली. ती तुम्ही ऑफिसातल्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलीत आणि म्हणालात, "बघा, कामाला आली." टेबल अजून तसंच स्थिर आहे. सोमवारी मी ती डायरी काढायला वाकले आणि तशीच उठले.

तुम्ही गेल्यानंतरच्या गुरुवारी दवाखान्यात काही बंद पडलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी पण नाही. पारसजींचा फोन आला. चांगल्या मनानं केलेला. सांत्वन करून झाल्यावर म्हणाले, "ताई, बुरा मत मानना, पण बघा, भाऊ गेले आणि बिघाड पण गेला." मी फोन ठेवला आणि त्या दिवशीची सगळी कामं दुपारी दोनच्या आत संपवली. माझं असंच होतं. काही टोचलं की मी जल्दी जल्दी कामं संपवत सुटते.

आता पुन्हा घाटावर. अकरा वाजत आले होते, पानं मांडायची तयारी चालली होती, तेवढ्यात पारसजी. आवाज बारीक. पूरा मजला बंद. पावणेअकरापासून.

रफिकभाई माझ्या शेजारीच उभे होते. मी फोनवर बोलत असताना त्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, ऊन लागलं.

वहिनींना सांगून आम्ही दोघं निघालो. अंबडपर्यंत रफिकभाई खिडकीबाहेरच बघत होते. मी गाडी चालवत होते आणि मनात ओळी मांडत होते: शिडी, बॅटरी, मल्टिमीटर, चिकटपट्टी, नवी वायर चार मीटर. तुमचा जोड मी आज स्वतः काढणार होते. खरं सांगायचं तर मला तो वाईट निघायला हवा होता. तो वाईट निघाला असता तर मी त्या दिवशी बरोबर होते. तुमच्या दहाव्याच्या दिवशी, घाटावरची माती चपलेला असताना, मी ही इच्छा करत होते. लिहायचं तर हेही लिहायला पाहिजे.

डायलिसिसच्या खोलीत आठ जण होते. खिडक्या उघडल्या होत्या, पण एप्रिलमधली जालन्याची हवा आत आल्यानं कोणाचं भलं होणार? एका बाईच्या तोंडावर तिचा नवरा फाईलनं वारा घालत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, ते शिडीवाले काका न्हाई आले आज?"

मी शिडी लावली. अठरा वर्षांत मी कधी वर चढलेली नव्हते. वर तुम्ही, खाली मी, ही आपली वाटणी. रफिकभाई म्हणाले, "मैं चढता, ताई." मी म्हटलं, धरा फक्त. सीलिंगचा चौकोन सरकवला, बॅटरी मारली.

जोड दिसला. भाऊ, मी तसा जोड कोणाचा बघितलेला नाही. एका छोट्या डबीत, झाकण लावून. दोन्ही तारा वेगवेगळ्या जागी जोडलेल्या, म्हणजे एकमेकींना कधी लागूच नयेत; डाख दिलेला, वर रबरी नळी चढवलेली. जाळीची तारसुद्धा सोडलेली नाही, ती वेगळी पुढं नेलेली. मल्टिमीटर लावला. अलीकडून पलीकडे काहीही अडथळा नाही. अखंड केबल असती तर हाच आकडा आला असता. मी तीनदा लावून पाहिला.

खालून रफिकभाई म्हणाले, "ताई, उतरो. वहाँ कुछ नई है."

"तुम्हाला काय माहीत?"

"भाऊने बताया था."

मी दोन पायऱ्या उतरले आणि तिथंच थांबले. त्यांनी सगळं शिडी धरूनच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

त्या सोमवारी मी खाली अहवाल लिहीत होते तेव्हा तुम्ही जिन्यात बसला होतात. काठी टेकत एक म्हातारे चाचा वर येत होते. तुम्ही त्यांना विचारलंत, गुडघा काय म्हणतो? मग रफिकभाईंकडे वळून म्हणालात, हे चाचा ज्या दिशी येतात त्याच दिशी आपलं बंद पडतं, रफिक. सोमवार आणि गुरुवार. कोपऱ्यातली खोली, जी मार्चपर्यंत खोक्यांनी भरलेली आणि कुलूपबंद होती, तिथं आता व्यायामोपचाराच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा संभाजीनगरहून येतात. साडेदहा ते एक. त्या आल्या की मावशी त्या खोलीच्या एसीचं बटण बोर्डावरून वर करते, गेल्या की खाली. तुम्ही बोर्डापाशी गेलात, ते बटण खाली पाडलंत. मिनिटाभरात अख्खा मजला सुरू झाला.

"मग भाऊ उस कमरे में शिडी ले के गए," रफिकभाई म्हणाले. "नंबर देखा मशीन का. और ऐसे हँसे, ताई, के मैं डर गया. बोले, रफिक, ताईच्या यादीत चूक निघाली रे! अठरा वर्षांत पहिल्यांदा! मैं बोला, जाके बोलूँ क्या नीचे? तो बोले, नक्को. सबके सामने नक्को. कल मी तिला एकटीला दाखवतो. कल तक ये बटन नीचे रख."

"आणि सही?"

"सही उसके बाद किए."

"तुम्ही मला दहा दिवस सांगितलं नाहीत."

"मय्यत के घर में कैसे बोलता, ताई? मैं बटन नीचेच रखा. डॉक्टरीण को बोला रिपेअर है. आज मैं घाट पे था, तो मावशी ने उठा दी होगी."

त्या खोलीतही शिडीवर मीच चढले. चाचा पलंगावर गुडघ्याला शेक घेत पडले होते, त्यांनी विचारलं, "बेटी, गिरोगी तो नहीं?" मशीनच्या तळाला तुमच्या अक्षरात, काळ्या मार्करनं: १७. झाकण काढलं. दोन छोट्या चकत्या, एक दशकाची, एक एककाची. एक आणि सात. डायलिसिसच्या दुसऱ्या मशीनलाही सतराच आहे. ते मला बघायची गरज नव्हती.

पहिल्या यादीत कोपऱ्यातली खोली सतरा होती. मग दवाखान्यानं नकाशा बदलला, सतरा डायलिसिसला गेला, आणि ह्या खोलीला एकवीस द्यायचा होता. मी यादी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली. एक ओळ बदलली, दुसरी बदलायची राहिली. तपासणीतला नववा मुद्दा, 'नंबर जुळतात का', मी त्याच यादीला तीच यादी लावून तपासला आणि बरोबरची खूण केली. काम सोपवायच्या दिवशी गच्चीवरच्या मशीननं चोवीसऐवजी तेवीस मोजले, तेव्हा तुम्ही वरून ओरडून सांगितलंत. मी म्हटलं, बरोबर आहे, ती खोली बंद आहे ना.

आणि शिडीवर असतानाच मला आणखी एक आठवलं. नंबर टाकायचा दिवस. आपली हजेरी चालली होती. मी खालून ओरडायची, तुम्ही चकती फिरवून वरून "हजर" म्हणायचात, प्रत्येक खोलीचा वेगळा आवाज काढून. बाळंतिणींच्या खोलीला बाळासारखा, ऑपरेशनच्या खोलीला कण्हत. जेवण करून आपण ह्या कोपऱ्यात आलो. मी म्हटलं, सतरा.

वरून आवाज आला, "सतरा तं सकाळी झाला न, ताई?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "यादीत आहे तेच टाका, भाऊ. तुमचं डोकं नका चालवू."

दोन क्षण गेले. मग तुम्ही म्हणालात, "हजर."

चकत्या फिरवल्या. दोन आणि एक. खाली उतरून बोर्डावरचं बटण चढवलं आणि गच्चीवर गेले. उन्हानं पत्रा तापला होता. छोट्या पडद्यावर आकडे पळाले आणि थांबले: चोवीस. मी तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही. रफिकभाई खालून हाका मारत होते की सुरू झालं, ताई, सब सुरू झालं.

त्याच दुपारी नवा अहवाल लिहिला. दोष: दोन मशीनला एकच नंबर. कारण: यादीतील चूक. यादी करणार: मी. जोड तपासला, उत्तम. आधीचा अहवाल रद्द समजावा. पारसजींनी दोनदा वाचला.

"ताई, ये रहने दो ना," ते म्हणाले. "जाणारा माणूस गेला. त्याला आता काय फरक पडतो? तुम्हाला अजून इथं काम करायचंय."

"शिक्का मारा, पारसजी."

"मी तर तुमच्या भल्यासाठी..."

"शिक्का. आणि ज्या फाईलला पहिला आहे, त्याच फाईलला, वर."

त्यांनी मारला. मग थोडा वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "ते मी फोनवर बोललो होतो ना, बिघाड गेला म्हणून. ते मी नको बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, तुम्ही एकटे नाही बोललात.

माझ्या यादीत त्या दिवशी आठ कामं होती. सात झाली. नंबर बदलला. बाकी तेवीस मशीनचे नंबर, ह्या वेळी शिडीवर चढून, डोळ्यांनी बघितले. सगळ्या जुन्या कामांच्या याद्या काढून ठेवल्या, त्याही मशीनपुढं जाऊन तपासायच्या आहेत. तारखेपुढे वार लिहायला लागले. चौदा मुद्द्यांत पंधरावा घातला: जिन्यात बसून अर्धा तास कोण येतं-जातं ते बघणे. तो वाचून तुम्ही किती हसला असता! आणि मला चिडवायला तुमच्याकडे आता आयुष्यभराचं साहित्य होतं, भाऊ. एवढं मोठं घबाड मिळाल्यावर ते न वापरता निघून जायचं, हे तुमच्या स्वभावात बिलकुल बसत नाही.

तेराव्याला, रविवारी, मी बदनापूरला गेले होते. घर माणसांनी भरलेलं. शिक्क्याच्या अहवालाची प्रत जावयाच्या हातात दिली. त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. थोरले भाऊ म्हणाले, "मंग! आमच्या विष्णूचा हात चुकतच नव्हता." सगळ्यांनी माना हलवल्या. मला पुन्हा वाढलं. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

निघताना फाटकापर्यंत आल्या. "म्हंजे चूक नव्हती ह्यांची."

"नव्हती. माझी होती."

"आन् ह्यांना ते माहीत होतं?"

"माहीत होतं. हसत होते म्हणे. रफिकभाई सांगत होते."

"हसत होते," त्या म्हणाल्या. "मंग जेवले का न्हाई?"

तेवढ्यात आतून कोणी तरी हाक मारली आणि त्या गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि फाटकाची कडी लावताना त्याचीच लाज वाटली.

कारण अहवालात सगळं आहे. नंबर आहे, यादी आहे, माझं नाव आहे. मी चारचौघांत, नर्ससमोर, तुमच्या डोक्याबद्दल जे म्हणाले ते कोणत्याच रकान्यात येत नाही. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत, की ओट्यावर बसून तेच आठवत होतात, की छातीत तेव्हाच दुखायला लागलं होतं आणि सांगितलं नाहीत? मला शोधून काढता येणार नाही. मी हे दोन भाग करून, मधोमध तोडून, आधी अलीकडची बाजू मग पलीकडची, अशा आपल्या पद्धतीनं तपासून पाहिलं. दोन्ही बाजूंना तुम्हीच बसलेले दिसता.

वहिनींना नुसतं हसणं सांगून गप्प बसता येईल. त्या बाईला त्यानं बरंही वाटेल. पण त्यांनी मला विचारलं होतं, खरं सांगा.

आठवं काम असं लिहिलंय: बदनापूर. वहिनी एकट्या असताना. त्या दिवशी मी काय बोलले ते, शब्दाला शब्द.

मंगळवारी जायचं ठरवलं होतं, गेले नाही. बुधवार लिहिलं, साडीच्या दुकानाचं काम काढून तेही खोडलं. आता पुढं गुरुवार लिहिलाय, सकाळची गाडी.